गार पुली

बोईसरला आमच्या बुलडोझरांची दुरुस्ती करणारा मेकॅनिक माहीमच्या कोळीवाड्यातला होता. मोडीतून आणलेली इंजिनाची पुली बसवण्यापूर्वी तो तिचा व्यास मोजी, पट्ट्याच्या खाचांवरून नख फिरवी आणि शेवटी ती गालाला लावी. हे शेवटचे कशासाठी, ते मी कधी विचारले नव्हते.

मे महिन्यातल्या एका दुपारी त्याने गालाला लावलेली पुली परत खाली ठेवली. माप बरोबर होते, खाचा शाबूत होत्या आणि बुलडोझर सकाळपासून बंद पडून होता.

"उस्ताद, पुली है, बहू नहीं. कितना देखोगे?" ड्रायव्हर हसला.

"हिच्यामागं तुलाच बसायचं हाय," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "साहेब, ही नको. हिच्या मशीनवर मानूस गेलाय. मानूस बुडाला त्या होडीची फळी आमी दुसऱ्या होडीला लावत नाय."

"कशावरून?"

"हात लावा."

ढिगातले बाकीचे लोखंड उन्हाने चटके देत होते. ही पुली मात्र विहिरीतून काढल्यासारखी गार होती. मी त्याला दुसरी शोधायला सांगितले.

संध्याकाळी ती गार पुली धुतलेल्या पंच्यात गुंडाळून तो माहीमला घेऊन गेला. समुद्रात सोडतो, एवढेच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो डोके मुंडवून कामावर आला.

"घर में कौन गुजर गया?" ड्रायव्हरने हळूच विचारले.

"घरचं कोन नाय," तो म्हणाला आणि त्याने पाना उचलला.