फरशीखाली कोण

पडदा वर जातो आणि समोर एक खोली दिसते. खिडक्या इतक्या खाली, की पाच वर्षांच्या मुलाची हनुवटी चौकटीवर टेकावी. कोपऱ्यात मोठं कपाट, त्यावर गोगलगाईंची काचपेटी. दोरीला चिमटे लावून वाळत घातलेली पानं. भिंतीशी सोळा बुटक्या खुर्च्या, सोळाही रिकाम्या. खोलीत चिटपाखरू नाही असं वाटेपर्यंत नजर खाली जाते. सोळा मुलं फरशीवर पालथी पडली आहेत, प्रत्येकाचा एक कान जमिनीला. त्यांच्या मधोमध पिकल्या केसांच्या त्यांच्या बाई. त्याही पालथ्या! कुणी हलत नाही. कुणी शिंकतसुद्धा नाही.

मग चिमटी नावाची एक मुलगी हात लांब करते आणि बरणीत एक बी टाकते. टक.

बालवर्गाच्या या बाईंची ख्याती मोठी होती. मूल काही विचारायला आलं की त्या आधी उकिडव्या बसत, त्याचं तोंड आपल्यासमोर घेत आणि म्हणत, "आता सांग. सावकाश." मग तोच प्रश्न दुसऱ्या मुलाला पुन्हा विचारायला लावत. उत्तर कधीच देत नसत. "तुला काय वाटतं? चल, बघू या." आणि सगळी वरात बागेत. मुंग्या साखर आधी नेतात की मीठ, गोगलगाय काचेवरून चालते तेव्हा पोट कसं हलतं, सगळं मुलांनी स्वतः शोधायचं. बाहेरगावचे पाहुणे येत, मागच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसत आणि बाईंची पद्धत वहीत उतरवून नेत.

पद्धत कसली डोंबलाची! बाईंना ऐकू येत नव्हतं.

उजवा कान अकरा वर्षांपूर्वी गेला, डावा हळूहळू त्याच्या मागोमाग. बाई ओठ वाचायला शिकल्या. हे फक्त त्यांच्या धाकट्या बहिणीला माहीत होतं. "ताई, सांगून टाक एकदाचं," ती म्हणायची. "सांगते की," बाई म्हणायच्या, "मग मला कचेरीत बसवतील, आणि मी दिवसभर कागदांना भोकं पाडत बसेन." वर्ग सुटला तर आपलं काय उरेल, हे त्यांना आरशात बघूनही सांगता आलं नसतं.

त्या आठवड्यात मुलांचा विषय होता आवाज. प्रत्येकाच्या हातात नरसाळं आणि रबरी नळी. मुलांनी झाडाचं खोड ऐकलं, पाण्याची टाकी ऐकली, शाळेतल्या मावशींचं पोटही ऐकलं. "मेल्यांनो, मी जेवले नाही अजून!" मावशी ओरडल्या. सोमवारी सकाळी चिमटीने नरसाळं कपाटाजवळच्या फरशीवर टेकवलं. नाव चिमटी, कारण एवढीशी होती आणि लागायची. तिने बाईंची बाही ओढली.

"बाई, खाली कोणीतरी आहे."

"कोण आहे?"

"दिसत नाही ना. ठोकतंय."

"किती वेळा? मोजू या."

रुजवायला आणलेल्या पावट्याच्या बिया होत्या. एक ठोका, बरणीत एक बी आणि भिंतीवरच्या कागदावर एक ठिपका. सोमवारी चार पडल्या, मंगळवारी नऊ. बाईंनी कान लावला, तर त्यांना लागला फक्त फरशीचा गारवा. मंगळवारी त्यांनी मुलांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि आवाज कसा दिसत असेल ते काढायला सांगितलं. सोळा कागद गोळा केले. सोळांवर एकच चित्र. काळं, गोल, आणि मधे काहीच नाही.

बाईंनी ते पुन्हा एकदा चाळले. कुणी कुणाचं बघितलं नव्हतं.

"मावशी, जरा कान लावून बघता?"

"मी नाही बाई. नको ते ऐकू आलं तर परत कसं करायचं?"

बुधवारी तेवीस बिया. दुपारी मोठ्या बाई आल्या. शाळा त्यांच्या हाती होती, आणि हातात एका आईची चिठ्ठी. मूल घरी पलंगाखाली बघितल्याशिवाय झोपत नव्हतं. मोठ्या बाईंनी कपाटाजवळ टाच आपटली, वाकून ऐकलं. मुलं घरी गेली होती. फरशी गप्प होती.

"उंदीर असतील," मोठ्या बाई म्हणाल्या. "उद्या मुलांना सांगा, खाली काही नाही. विषय संपला."

"काही नाही, हे आपण तपासलंय का?"

"तुम्ही तीन दिवस इथे लोळताय. तुम्ही स्वतः ऐकलंत? हो की नाही?"

हो म्हणणं सोपं होतं. एका शब्दात फरशी उघडायला गवंडी आला असता आणि वर्गही राहिला असता. पण जे स्वतः पाहिलं नाही ते पाहिलं म्हणायचं नाही, हे बाई मुलांना रोज शिकवत होत्या. आणि नाही म्हटलं, तर सोळा मुलं उद्या खोटी ठरणार होती. त्या फरशीवर खोटी ठरून बसणार होती.

"मला ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे आवाज नाहीच."

"तसं नाही. मला काहीच ऐकू येत नाही. तुमचंसुद्धा. तुमचे ओठ बघतेय मी, अकरा वर्षं."

मोठ्या बाई मटकन एका बुटक्या खुर्चीवर बसल्या. "अहो, लोक तुमची पद्धत लिहून नेतात!"

"नेऊ देत, चांगली आहे ती. माझं काय करायचं ते नंतर करा. आज माझं नका ऐकू, त्या सोळांचं ऐका."

गुरुवारी मुलं बागेत थांबली आणि गवंडी आत गेला. त्याने कपाटाच्या पायाशी छिन्नी लावली, दोन घाव घातले आणि ओरडत मागे उडी मारली. कपाट, काचपेटी, बरणी, सगळं एका घोटात खाली. कोपऱ्यात भोक उरलं. काळं, गोल.

गवंड्याने दिवा सोडला, दोर धरून उतरला, बऱ्याच वेळाने वर आला. जुना हौद होता, कधीचा बुजवायचा राहिलेला.

"उंदीर?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"उंदीर नाही, पाणी नाही. वरून ढेकळं पडत असतील, त्याचा आवाज." तो कपाळ पुसत राहिला. "पण ढेकूळ एकही नाही हो. कपाटाचा आणि फरशीचा चुरा सोडला तर तळ झाडून घेतल्यासारखा आहे. आणि ही उभी होती." त्याने बरणी पुढे केली. तडा नाही. झाकण लावलेलं.

मोठ्या बाईंनी भोकात डोकावून पाहिलं. मग बाईंकडे वळून, ओठ नीट हलवत म्हणाल्या, "वर्ग बागेत भरवा. तुम्हीच भरवा."

बाईंनी मान हलवली. डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

चिमटीने ठिपक्यांचा कागद मागून घेतला आणि दाराबाहेर, उन्हात पसरला. एका ठिपक्यावर एक बी. छत्तीस ठिपके भरले. बरणीच्या तळाशी अजून एक बी होती, ओली. चिमटीने ती तळहातावर घेतली. मग दारातून आत, त्या काळोखाकडे तोंड करून तिने हळूच काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. मावशींचा हात तोंडावर गेला. बाकीच्या मुलांनी कान पुढे केले.

बाईंना दिसली फक्त तिची पाठ. त्या जवळ गेल्या, उकिडव्या बसल्या, तिला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इकडे बघून बोल गं चिमटे, मला ऐकू येत नाही."