खिडकीबाहेरचा बाक

शिरस्तेदारांनी, म्हणजे कोर्टाच्या मुख्य कारकुनांनी, माझ्या कागदावर पाणी शिंपडलं. शाई फुटली. मग भरल्या कोर्टात कागद वर धरून म्हणाले, "बघा, यांचं अक्षर!" सगळे हसले. मी खिडकीबाहेर ओसरीवर बसून ते ऐकलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

मी महार. बाप लोणावळ्याला इंजिनांच्या शेडमध्ये कोळसा ओढायचा. आमच्यातलाही एक घ्या, असा सरकारी हुकूम आला, म्हणून तालुक्याच्या कोर्टात साक्षी लिहायला मला घेतलं. घेतलं, पण बसवलं बाहेर. साक्षीदार आत बोलणार, मी बाहेरून कान देऊन लिहिणार. शिरस्तेदार कागदावर पाणी शिंपडून तो शुद्ध करणार, मग न्यायाधीश साहेबांपुढे ठेवणार. अशी वहिवाट.

तरी काम मी कमावलं. चावडीवर भांडण लागलं की पाटी घेऊन बाजूला बसायचो आणि बोलणाऱ्याच्या मागे हात पळवायचो. शब्द आखडायच्या माझ्या मीच खुणा केल्या. पुढे पुढे माणसाचं तोंड मिटेपर्यंत माझी ओळ पुरी व्हायची. काय सुख होतं ते! ते मात्र कुणाला बाटवता आलं नाही.

अडचण एकच. कोर्टामागून रेल्वे जायची. मालगाडी आली की आतलं काही ऐकू यायचं नाही. मग शिरस्तेदार खिडकीशी येऊन आपल्या शब्दांत साक्ष सांगायचे. हीसुद्धा वहिवाटच.

त्या दिवशी कान्हे गावची एक कुणबी म्हातारी साक्षीला उभी होती. बांधावरून इनामदाराच्या मुलाशी तंटा झाला होता. तिचा एक हात गळ्यात बांधलेला. ती बोलायला लागली आणि मालगाडी आली. मला ऐकू येईना, पण दिसत होतं. म्हातारी दुसरा हात उगारून काठी कशी बसली ते दाखवत होती.

शिरस्तेदार खिडकीशी आले. "लिही. बांधावरून पाय घसरून पडले."

मी टाक खाली ठेवला. "मी हे ऐकलं नाही. ऐकलं नाही ते लिहिणार नाही."

"माजलास काय रे?"

मी उभा राहिलो आणि आत ओरडलो, "मावशी, गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा."

म्हातारी तरातरा खिडकीशी आली. शिरस्तेदार किंचाळले, "अहो बाई, शिवाल त्याला!"

"शिवंना का! हात मोडला तवा कुटं व्हता तुमी?" मग माझ्याकडे वळली. "इनामदाराच्या लेकानं काठीनं मारलं मला. लिव्हलं का?"

"लिहिलं."

"वाच."

मी मोठ्यानं वाचलं. कोर्टात कुणी हसलं नाही.

"व्हय," म्हातारी म्हणाली. "आसंच बोलले मी."

साहेबांनी पुढचा साक्षीदार बोलावला. संध्याकाळी शिरस्तेदारांनी बजावलं, "उद्या बाहेर गप बसायचं. नाहीतर घरी."

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरायच्या आधी मी ओसरीवरचा बाक उचलला. उंबरा ओलांडला. साक्षीदाराच्या पिंजऱ्याला लागून बाक ठेवला आणि बसलो.

शिरस्तेदार पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. "ऊठ! बाक बाहेर ने."

"आवाज येतो तीच माझी जागा," मी म्हणालो. "काढायचं तर साहेबांनी लेखी काढावं. आणि कागदावर पाणी पडलं, तर कुणी टाकलं आणि का टाकलं, ते त्याच कागदावर लिहीन."

तांब्या त्यांच्या हातात तसाच राहिला. मी कोरा कागद पुढे ओढला आणि टाक शाईत बुडवला. खिडकीबाहेरून मी पुन्हा लिहिणार नव्हतो.