जिन्यातली नोटीस

भाईंदर पूर्वेला आमच्या वरच्या मजल्यावरची ती कॉलेजातली मुलगी रिकामं पिंप बडवत जिन्यात रॅप करायची. बोलायचीही तशीच. "काका, पाणी आलं, मोटर लावा," म्हणून चुटकी वाजवायची.

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी नोटीस लावली: 'जिन्यात गाऊ नये. पिंप वाजवू नये. चपला दाराबाहेर ठेवू नयेत.' चपलांची ओळ उगाच घातली. नोटीस एकट्या तिच्यासाठी वाटू नये म्हणून. ते मला अजून टोचतं.

गणपतीच्या कार्यक्रमात तिने ती नोटीसच रॅप केली. प्रत्येक 'नये'वर सगळी सोसायटी टाळी वाजवत होती.

"साहेब, तुम्ही कवी निघालात," शेजारचे सावंत म्हणाले.

पुढे टीव्हीवरच्या स्पर्धेत तिने तेच म्हटलं आणि जिंकली. स्टेशनवरचे रिक्षावालेही 'नये, नये' करायला लागले. मी लाजून नोटीस काढून टाकली.

ट्रॉफी घेऊन ती थेट माझ्या दारात आली.

"काका, नोटीस कुठंय?"

"काढली. चुकलंच माझं."

"लावा परत. आणि दोन ओळी वाढवा, नवीन गाणं करायचंय." चुटकी.

मी पेन घेऊन बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, कशाला मनाई करावी ते मला सुचेना.