शेवटची कुस्ती राहिलेले काका

मधल्या भागावर बिलकुल विश्वास नसलेला असा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा चुलता आहे. कुठल्याही गोष्टीची सुरुवात आणि शेवट, एवढ्याच दोन जागी हा माणूस सापडतो. क्रिकेटची मॅच असो, पहिली ओव्हर झाली की काका उठले. एकदम शेवटच्या ओव्हरला हजर. सिनेमाला नेलं तर पाट्या संपेपर्यंत बसतात आणि मग बाहेर चहा पीत, मारामारीचा आवाज आला की आत येतात. आमच्या लग्नात बुद्धवंदनेला पहिल्या रांगेत हात जोडून उभे होते, त्यानंतर जे गायब झाले ते एकदम पाठवणीच्या वेळी गाडीच्या दाराशी डोळे पुसताना दिसले. एवढा वेळ होतात कुठे, म्हणून मी पुढे कधीतरी विचारलं. म्हणाले, "मधी काय असतंय जावई? सत्कार. नांदेडात जित्या माणसाला दुसरं काय बघायला भेटतंय?" हे मला पटलं, कारण माझ्याच लग्नात माझ्याआधी अकरा जणांना शाली मिळाल्या होत्या.

बसणं हा प्रकारच त्यांना जमत नाही. सगळी नोकरी एसटीचं स्टिअरिंग धरून बसून काढली, त्याचा सूड आता उगवतात की काय कोण जाणे. विष्णुपुरीला आमच्या घरी आले की आधी सगळ्या खोल्यांतून एक चक्कर, मग नळ सोडून बंद करणार, पंख्याचं बटण दाबून बघणार, गॅलरीत जाऊन रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला "आरं, गियर बदल की!" म्हणून ओरडणार. जेवतातही चालता चालता. माझी बायको भाकरी घेऊन त्यांच्या मागे फिरते. त्यांना माझ्या गाडीत शेजारी बसवणं म्हणजे तर शिक्षाच. पायाखाली नसलेला ब्रेक इतक्या जोराने दाबतात, की माझ्या गाडीत त्या जागेची चटई झिजली आहे. काकू म्हणतात, "ह्या माणसाचा पाय घरात ठरत न्हाई. मी संसार केला तो ह्यांच्या चपलांसंगं केला."

पण हे सगळं परवडलं म्हणावं असा त्यांचा खरा नाद म्हणजे विलायती पैलवानांच्या कुस्त्या. त्यातही फक्त पहिली आणि शेवटची. सकाळी उजाडलं की मोबाइल कानाशी लावल्यासारखा डोळ्याशी लावून फिरत फिरत इंग्लंडातल्या जुन्या, काळ्यापांढऱ्या कुस्त्या बघतात. त्यांची नावं काही यांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून सगळ्यांची नवी बारशी केली आहेत. एक 'बुरखेवाला', एक 'चट्टेरी चड्डी', एक आखाड्यात उतरण्याआधी आरशात बघून केस विंचरतो म्हणून 'करवली'. आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसणाऱ्या निम्म्या माणसांना आता करवलीचं सगळं चरित्र पाठ आहे. "चट्टेरी चड्डीची पहिली कुस्ती जत्रंतल्या तंबूत झाली, बरं का! म्हंजे तिकडं बी जत्राच! अन् शेवटची कुठं? नगरपालिकेच्या हॉलात!" टपरीवर कोणीतरी म्हणालं, नगरपालिकेत कुस्ती तर आपल्याकडंही होते. काका म्हणाले, "व्हय, पण आपल्याकडं तिकीट न्हाई अन् निकाल बी न्हाई." काकूंना मात्र कुस्त्यांपेक्षा त्या बघायला आलेल्या गोऱ्या म्हाताऱ्या आवडतात, कारण त्या दांडगाई करणाऱ्या पैलवानाला जागेवरून उठून छत्रीने बडवतात. तेवढं आलं की मला बोलवा, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे.

हा नाद लागला कसा, तर काकांची मुलगी इंग्लंडात नर्स आहे. तिने हौसेने आईबापांना नेलं. काकू रमल्या; काकांचं मात्र थंडीने आणि बसून बसून डोकं फिरायची वेळ आली. शेजारच्या एका म्हाताऱ्या गोऱ्याने दया येऊन त्यांना गावातल्या कुस्त्या दाखवायला नेलं. एका नावाजलेल्या पैलवानाची ती शेवटची कुस्ती होती. समोर एक कोवळं पोरगं. काका तरुणपणी स्वतः कुस्तीच्या फडात उतरलेले, नजर मुरलेली. थोड्या वेळातच त्यांच्या ध्यानात आलं की म्हातारा ताकद लावतच नाही, मुद्दाम पोराच्या डावात जातो आहे. म्हणजे नुरा! आधी ठरवून केलेली खोटी कुस्ती. आपल्याकडे फडात नुरा दिसली की लोक चपला फेकतात आणि पंच दोघांनाही हाकलून लावतात. काका खुर्चीवर उभे राहून बोंबलले, "नुरा हाय! हाकला दोघाला! पंच, झोपला का?" झालं असं, की त्या हॉलात सगळेच ओरडत होते. त्यांना वाटलं, हिंदुस्थानातून आलेला हा म्हातारा त्या पैलवानाचा केवढा भक्त! मागच्याने पाठ थोपटली, एका बाईने हातात बिअरचा ग्लास दिला. तेवढ्यात तो नावाजलेला पैलवान पाठीवर पडला, पंचाने निकाल दिला, आणि अख्खा हॉल उभा राहून रडायला लागला.

काका इतके संतापले की त्यांनी बिअरसुद्धा परत केली. घरी आल्यावर मुलीमार्फत शेजाऱ्याला जाब विचारला. त्या गोऱ्याने शांतपणे समजावलं: आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं. पैलवान कुस्ती सोडून जाताना आपली पाठ लावून, म्हणजे मुद्दाम हरून जातो. आपलं नाव मागे ठेवायचं ते नव्या पोराच्या अंगावर. काका म्हणाले, "हे लई घाण हाय." आणि मग रात्रभर नव्हे, पुढचे कित्येक दिवस हाच विषय. एखादा तरी गोरा न हरता गेला असेल की नाही, हे शोधायला त्यांनी जे मोबाइलमध्ये डोकं घातलं ते अजून बाहेर काढलेलं नाही. बघून बघून त्यांचं मत मात्र हळूहळू फिरलं. मला एकदा म्हणाले, "जावई, पहिल्या कुस्तीत गडी लोकाकडं बघत न्हाई, निस्ता समोरच्याला बघतो. शेवटच्या कुस्तीत समोरच्याला बघत न्हाई, लोकाकडं बघतो. मंग मधी काय बघत असंल हो?" मधल्या भागाविषयी त्यांनी चौकशी केलेली ती पहिलीच वेळ.

त्यांची स्वतःची पहिली कुस्ती मुखेडच्या फडात झाली. ती त्यांनी मारली, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की डाव मलाही येईल. दुखणं होतं शेवटच्या कुस्तीचं. त्याच फडात जोड होती निलंग्याच्या एका गड्याशी, तोही असाच कधी पाठ न लागलेला. दुपारी लागलेली कुस्ती अंधार पडला तरी हलेना. हलगीवाल्याचे हात दुखले. शेवटी पंचांनी सोडवली, दोघांना फेटे बांधले आणि सांगितलं, पुढच्या जत्रेत निकाली करा. पुढच्या जत्रेला निलंग्याचा गडी लंगोट कसून आला. हलगी वाजली, नाव पुकारलं. काका आलेच नाहीत. त्याच आठवड्यात एसटीचा कॉल आला होता आणि घरात पहिली सरकारी नोकरी येत होती. काका ट्रेनिंगला निघून गेले. निरोप द्यायचा राहिला. निलंगेवाला फडाच्या मधोमध उभा राहून एवढंच बोलला, "भ्याला."

तो शब्द काकांच्या मागे जन्मभर लागला. पुढे त्यांना नेमकी निलंग्याची गाडी मिळाली. तो गडी आठवडी बाजाराला यायचा, बरोब्बर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचा आणि अख्ख्या रस्त्यात एक शब्द बोलायचा नाही. "माझी मान भाजायची हो नुस्ती," काका सांगत. "मंग मी बी निलंगा आलं की करकचून ब्रेक मारायचो. पुढं आदळला की जिवाला जरा गार वाटायचं." अशी दोघांची सगळी उमर गेली. बोलणं कधी झालंच नाही.

गेल्या उन्हाळ्यात बातमी आली, की निलंगेवाल्याला लकवा मारला, डावी बाजू गेली, आणि आता लातूरला मुलाकडे पडून आहे. काका दोन दिवस चप्पल न काढता हिंडत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात. "जावई, गाडी काढा. लातूरला जायचंय. मी पाठ लावून येणार हाय."

मला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. ज्या माणसाच्या पाठीला आयुष्यात माती लागली नाही, तो म्हातारपणी आपण होऊन हरायला निघाला होता, आणि तेसुद्धा ज्याने भित्रा म्हटलं त्याच्यासमोर. मागोमाग आलेल्या काकूंना मात्र गहिवर वगैरे काही आला नाही. "आवं, त्याला आधीच लकवा झालाय. तुमचं सोंग बघून त्याचं आणखी काय थांबायचं! सरळ सफरचंदं घेऊन जावा की." काकांनी सफरचंदं घेतली. आणि आदल्या दिवशीच मुखेडच्या बसच्या कंडक्टरकडून मागवलेली फडातली माती, साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून. रस्ताभर माझी चटई झिजवत त्यांनी मला सांगितलं, की गोरे काही वेडे नव्हते. जाणाऱ्याने हलकं होऊन जावं, आणि दुसऱ्यालाही जाऊ द्यावं.

लातूरला बाहेरच्या खोलीत खाटेवर तो पडला होता. केवढा माणूस असेल एकेकाळी, ते त्याच्या मनगटावरून दिसत होतं. सुनेने खुर्च्या दिल्या. काका अर्थातच बसले नाहीत.

"वळखलं का?" काका म्हणाले.

तोंड वाकडं झालेलं, शब्द जड. पण हा एक स्वच्छ आला. "भित्रा."

काका शर्टाची बटणं काढायला लागले. सून चहाचा ट्रे घेऊन आली तशीच आत गेली. काकांनी पिशवीतली चिमूटभर माती त्याच्या उजव्या हातात ठेवली. त्या हाताला काही सांगावं लागलं नाही; बोटांनी माती चुरली आणि काकांच्या खांद्याला लावली. काकांनीही त्याला लावली. हात मिळवले. मग त्याने ओढल्यासारखं दाखवत काका "आई गं" म्हणत एका गुडघ्यावर, मग दुसऱ्या, मग कुशीवर, असे टप्प्याटप्प्याने खाटेशेजारी फरशीवर आडवे झाले आणि दोन्ही खांदे टेकवले.

"घे," काका खालून म्हणाले. "लागली पाठ. झाली निकाली."

मी डोळे पुसायला चष्मा काढला. खाटेवरून आवाज आला, "नुरा."

"आं?"

"नुरा हाय ही. ऊठ."

"आरं, गोऱ्यांत असंच असतंय. जाताना—"

"मी काय गोरा हाय का?" त्या माणसाच्या अर्ध्या तोंडावर राग मावत नव्हता. "इतकी वर्सं थांबलो, ते ह्येच्यासाठी व्हय? ऊठ म्हणतो ना! मला बरं हू दे. मंग लढ. खरी."

आता काकांना उठता येईना. मी एका बाजूने धरलं, त्याचा मुलगा दुसऱ्या बाजूने, आणि खाटेवरून त्याने आपला चांगला हात पुढे केला. उठवता उठवताच काकांच्या गुडघ्याकडे बघून तो म्हणाला, "हे असले पाय घिऊन येनार व्हय माझ्याम्होरं? लाज वाटू दे. बैठका मार."

मग चहा झाला. निघताना तो एवढंच म्हणाला, की निलंग्याला ब्रेक तू मुद्दाम मारायचास हे मला माहीत होतं. काका म्हणाले, माहीत व्हावं म्हणूनच मारायचो.

परत येताना अहमदपूरजवळ काकांनी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेला उभं राहून रडले. लपवून वगैरे नाही, चांगले हमसून. "मी हरायला गेलतो, जावई. लई मनाची तयारी करून गेलतो. त्यानं हरूच दिलं न्हाई मला." मग नाक पुसून म्हणाले, "त्यो मला अजून पैलवान समजायलाय हो." मीही रडत होतो, त्यामुळे गाडी पुढे जरा वेळाने निघाली.

त्याला आता वर्ष होत आलं. काका रोज सकाळी आमच्या घरी येऊन गॅलरीचा गज धरून बैठका मारतात. गुडघे असे वाजतात की खालच्या मजल्यावरच्यांना वेळ कळते. निलंगेवाल्याचा डावा हात हललेला नाही, हलणारही नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं आहे आणि आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. काकांनाही. परवा लातूरहून त्याच्या मुलाचा फोन आला, आबांचं जेवण तुटलंय, आता पाण्यावरच आहेत, काय सांगता येत नाही. मी फोन काकांकडे दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एक हात गजावरच होता.

"त्याच्या कानाला लाव फोन," काका म्हणाले. मग आवाज चढवून, फडात जोडीदाराला हाक मारावी तसे, "ऐकायलास का रे? घाई करू नकू. माझी तयारी झाली न्हाई अजून."