नाना येणार आणि धूर जाईना

जळगावात मी हॉलमध्ये फायरप्लेस बांधून घेतला. (होय, जळगावातच. जिथे उन्हाळ्यात नळालाच गरम पाणी येतं!) थंड हवेच्या गावी सहलीत बघितला आणि खूळ डोक्यात शिरलं.

डिसेंबरातल्या त्या रविवारी चार वाजता माझे सासरे, नाना, धुळ्याजवळच्या खेड्यातून येणार होते. आमच्याकडे कायमचं राहायचं की गावीच एकटं, हे ते घर बघून ठरवणार होते. माझी बायको सुनंदा दोन वर्षं त्यांची मनधरणी करत होती. नानांना दमा, म्हणून अट एकच: घरात धूर नको.

आणि मी दुपारी फायरप्लेसमध्ये कपाशीच्या काड्या पेटवून भरताची वांगी भाजायला घेतली!

"अहो, धूर होईल!"

"चिमणी कशाला बांधलीय?"

कबुतरं शिरू नयेत म्हणून त्या चिमणीत मीच पोतं कोंबलं होतं, हे मला दहाव्या मिनिटाला आठवलं. तोवर सोफा दिसेनासा झाला होता.

विस्तव विझवला, खिडक्या उघडल्या. धूर गेला, वास पडद्यांना चिकटून बसला. मी कापूर जाळला. मग धूप. मग अख्खा उदबत्तीचा पुडा!

"धूर घालवायला धूरच करताय?"

"हा सुवासिक आहे!"

साडेतीन झाले. तेवढ्यात खिडकीतला कूलर दिसला. पाण्यात वाळ्याचं अत्तर ओतलं आणि बटण दाबलं. कूलरचं तोंड थेट फायरप्लेसकडे! सगळी राख उठली आणि गाद्यांवर, देवांवर, सुनंदावर बसली.

"आता नाना दारातूनच परत जातील," म्हणत ती रडायला लागली. मला स्वतःचीच लाज वाटली.

बरोबर चारला नाना पिशवी घेऊन दारात. लेक राखाडी, जावई काळा. त्यांनी नाकाला उपरणं लावलं, दोनदा खोकले.

"पोरी, घर पेटनं व्हतं का?"

"नाही नाना. यांनी वांगी भाजली."

नानांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. त्यांनी पिशवी दाराबाहेरच्या ओट्यावरच ठेवली.

"मी आठेच राहसू, तुमना घरमा. ह्या मानूसना भरोसावर तुले एकली कशी सोडू?"

वास जाईपर्यंत आठवडाभर नाना गच्चीवरच्या खोलीत राहिले आणि मी पडदे धूत राहिलो. फायरप्लेस विटांनी बुजवला. आता घरातली एकुलती एक आगपेटी नानांच्या खिशात असते. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी देवापुढे दिवा लावायला ती मागतो, तेव्हा ते मला चार पावलं मागे सरकवतात आणि काडी स्वतःच ओढतात!