मला भ्या वाटायलंय

सुन्या गेला त्याला आज वर्ष झालं, आणि मी अजून त्याच्यावर जळतोय.

श्रद्धांजलीच्या पोस्टमध्ये असं लिहीत नाहीत, माहितीये. ज्याला खटकेल त्यानं पुढं स्क्रोल करावं.

चाकणला आमच्या प्रेस शॉपमध्ये मला सगळे ‘डेअरिंग’ म्हणतात. खरं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर.
आणि सुनीलला म्हणायचे ‘भ्या’.

का ते सांगतो.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा लोखंडी साचा, डाय, खाली येतो. म्हणजे हात आत सापडायला नको. पण तसं चालवलं की टार्गेट होत नाही राव.
मग आम्ही एका बटणात लाकडाची पाचर ठोकतो. ते बटण दाबलेलंच राहतं. एक हात दुसऱ्या बटणावर, एक हात आत माल ठेवायला. काम झपाझप.
पाचर तासण्यात माझा हात धरणारा शॉपमध्ये कुणी नाही.

सुन्या बीडकडचा. जॉइन झाला त्याच दिवशी त्यानं मशीनची पाचर उपटली, साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला,
“साहेब, हे लावून मी नाही चालवणार. मला भ्या वाटायलंय.”

अख्खी लाइन खदाखदा हसली. मी सगळ्यात मोठ्यानं.

साहेबांनी त्याला महिनाभर स्क्रॅप उचलायला लावलं. हा उचलत बसला. परत प्रेसवर आणला, परत पाचर काढली. परत तेच वाक्य. आवाज चढवला नाही, काही नाही. भूक लागली म्हणतात तसं म्हणायचा, भ्या वाटायलंय.

माझं डोकंच फिरलं. मी आळंदीला गेलो, डझनभर हिरव्या बांगड्या घेतल्या, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत त्याच्या डब्यावर ठेवल्या.
“घे भावा. भर हातात.”

सुन्यानं त्या उचलल्या. उजेडात धरून बघितल्या. एक बोटांवर चढवून माप घेतलं.
“दोन-सहाच्या हायत का? बरोबर बसतील आमच्या हिला. लै भारी, डेअरिंग. थँक्यू.”
आणि पिशवीत ठेवून भाकरी खायला लागला.

पोरं हसली. पण त्याला नाही, मला.
त्या दिवसापासून जळतोय मी.

आता जे लिहितोय ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, चहा पिऊन मशीनवर आलो. माल आत अडकला होता. डावा हात आत घालून हलवत होतो आणि सवयीनं उजव्यानं बटण दाबलं.

प्रेस खाली आली नाही.

मी मशीनला शिवी घातली. परत दाबणार, तेवढ्यात डाव्या हाताकडं लक्ष गेलं. मनगटापर्यंत आत होता.
बटणात पाचर नव्हती.

शेजारच्या मशीनवर सुन्या. त्याच्या शर्टाच्या खिशातून माझी पाचर डोकावत होती.
मी त्याच्याकडं गेलो आणि काय म्हणालो असेन? “माझ्या मशीनला हात का लावला रे, भ्या?”
तो म्हणाला, “दे शिव्या. पण बोटं मोज आधी.”

त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.
आणि दुसऱ्या दिवशी मी नवी पाचर तासली. हो. तासली. लोक काय म्हणतील, डेअरिंग घाबरला? लाज वाटते लिहिताना, पण आहे ते आहे.

म्हणून म्हणतो, जळतो. ही पोस्ट ज्या बोटांनी लिहितोय तीपण त्याच्याच मेहेरबानीची. त्याच्यावर रुसायचं तरी कसं!

आमचे वडील, अण्णा, चऱ्होलीच्या मातीतले, आयुष्यात कुणाचं कौतुक केलं नाही. एकदा सुन्या घरी चहा पिऊन गेला, तर म्हणतात, “ह्यो मर्द गडी हाय.” मला? मला बेस्ट ऑपरेटरची ट्रॉफी मिळाली, तिच्यात बायको कपड्यांचे चिमटे ठेवते.

मागच्या वर्षी सुन्याला कावीळ झाली. आठ दिवसांत खेळ खलास.

अंत्यविधीच्या दिवशी बायका वहिनींच्या बांगड्या फोडायला पुढं झाल्या. वहिनींनी हात मागं घेतला.
“ह्या नाही फोडायच्या.”
“अगं, रीत असते बाई.”
“असंल. ह्या त्यांच्या कमाईच्या हायत.”

हिरव्या. मी ओळखल्या. एवढ्या वर्षांत काचेची बांगडी टिकते का कुणाची? वहिनी त्या फक्त सणाला घालायच्या म्हणे, एरवी डब्यात कापसात. सहा उरल्या होत्या. मी लोकांच्या मागं जाऊन उभा राहिलो.

आज वर्षश्राद्धाला गेलो होतो. वहिनींनी ताट वाढलं. हातात त्याच.
शेवटी बोललो. “वहिनी, त्या बांगड्या... त्या मी...”

“माहितीये की भाऊजी. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं.”
“काय सांगितलं होतं?”

वहिनींनी भात वाढला, वरण वाढलं, मग म्हणाल्या,
“म्हणले, डेअरिंगनं दिल्यात. त्याला माझ्याहून जास्त भ्या वाटतंय गं. पण बिचाऱ्याला म्हणता येत नाही.”

घ्या. त्याला पहिल्यापासून माहीत होतं! आणि बारा वर्षं माझ्याशेजारी उभा राहून एकदाही तोंडावर मारलं नाही.

उद्या फर्स्ट शिफ्ट आहे. माझ्या मशीनला पाचर आहे, आणि माझं बघून नव्या पोरांच्या मशीनलाही आहे. उद्या ती काढून साहेबांच्या टेबलावर ठेवायची म्हणतोय. तिथं तोंड उघडेल की नाही, देव जाणे. म्हणून आधी इथं, सगळ्यांसमोर म्हणून बघतो.

मला भ्या वाटायलंय, सुन्या.

एका भित्र्याची तुला मनापासून श्रद्धांजली, भावा.