जाहिरात दाबून बघणारे

नववीत नापास झालो आणि शाळा सुटली ती सुटलीच. मावसभावाने कामाला म्हणून लखनौला आणलं, आणि सहा महिन्यांत त्याचीच बदली झाली. तेव्हा तेलीबागेतल्या एका काकूंनी मला ठेवून घेतलं. काका सरकारी नोकरीत, दोघंही चंद्रपूरकडचे, ओळख बुद्धविहारातली. "एक पोळी जास्तीची लाटली तर हात झिजून नाही राहिले माझे," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे खोली वेगळी घेतली तरी जेवण त्यांच्याकडेच. म्हणून पुढे जे घडलं ते लिहिताना अजूनही कानशिलं गरम होतात.

नोकरी हजरतगंजात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका ऑफिसात. दुकानांची नावं-पत्ते इंटरनेटवर टाकणारी छोटी कंपनी होती. मी रजिस्टर घेऊन दुकानोदुकानी हिंडायचो. सरांनी मार्कशीट मागितली नव्हती, याबद्दल मी त्यांचा आभारी होतो, आणि त्याच कारणाने त्यांच्यावर माझा विश्वासही नव्हता. कागद न बघता ठेवणारा माणूस कारण न सांगता काढूही शकतो.

सुरुवातीला नाव टाकणं फुकट होतं. "बस नाम लिखवा लीजिए चचा, कुछ नहीं लगेगा," असं मीच सांगत फिरलो. दोन वर्षांनी त्याच चचांना सांगायचं होतं की यादीत वर राहायचं तर दरवर्षी पैसे भरा. एका कूलरवाल्याने विचारलं, "हम तो ऊपर ही थे भैया, नीचे किसने किया?" मी रजिस्टरात बघत राहिलो. मग लोकांच्या हातात मोठे फोन आले, आमची यादी कोणी उघडेना, आणि सरांनी पाटीच बदलली. आता आपण यादीवाले नाही, ऑनलाइन मार्केटिंगवाले. लोक काही शोधायला लागले की सर्वात वर आपल्या गिऱ्हाइकाची जाहिरात दिसणार. कोणी ती दाबली तरच पैसे कटणार. दिवसाची रक्कम ठरलेली, ती संपली की जाहिरात दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. सरांनी सगळं फळ्यावर काढून दाखवलं. मी मान डोलावली. न कळलेल्या गोष्टीला मान डोलवायची सवय मला शाळेपासूनची.

त्याच सुमारास काका गेले. क्वार्टर सोडून काकू वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या स्वतःच्या घरात आल्या आणि वरच्या तीन खोल्या त्यांनी भाड्याने काढल्या. जवळच मोठं हॉस्पिटल. गोंडा-बहराइचहून पेशंट घेऊन आलेली माणसं तिथे आठवडेच्या आठवडे राहायला जागा शोधतात. खोल्या चालल्या तर काकू राहणार. नाहीतर मुलगा पुण्याहून रोज म्हणत होता, घर विक आणि इकडे ये. काकूंना जायचं नव्हतं. त्या गेल्या की या शहरात माझं कोण?

खोल्यांची जाहिरात मीच आमच्या कंपनीतून लावून दिली, पैसे काकूंचे. शनिवारी रिपोर्ट यायचा. पहिल्या आठवड्यात दाबणारे थोडेफार, फोन एकही नाही.

"लोकं पाहून राहिले म्हणतोस," काकू म्हणाल्या, "मग बोलून कावून नाही राहिले?"

माझा संशय सरळ सरांवर गेला. जाहिरात लागतच नसेल, नुसते आकडे लिहून देत असतील. मग मी रोज सकाळी निघण्याआधी फोनवर शोधायचो, जाहिरात दिसली की दाबायचो, काकूंच्या गेटचा फोटो उघडला की जीवात जीव. पण एकट्याचं लक्ष कुठे पुरणार? रविवारी वंदना झाल्यावर मी विहारात उभं राहून सांगितलं की कंपनीवर नजर ठेवायला हवी, सगळ्यांनी रोज दाबून बघा.

आमची माणसं एकदा मनावर घेतात ती घेतातच. बँकेतले एक काका दोन-दोन फोनवरून दाबायचे. मुली सांगायच्या, "भैया, हमने तो कॉलेज से भी कर दिया." मी प्रत्येकाला हात जोडत होतो.

चौथ्या शनिवारी मी धीर करून सरांच्या टेबलाशी गेलो. "सर, फोन एक नहीं आया. दबा कौन रहा है?"

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "रोज़ आठ से दस. दस बजे दिन का पैसा ख़त्म, विज्ञापन बंद. और इतवार को देखो, ग्यारह बजे, आधे घंटे में सब साफ़. ओपीडी तो इतवार को बंद रहती है. तुम्हारी काकू के यहाँ इतवार को किसका इलाज होता है?"

रविवारी अकरा म्हणजे आमची वंदना सुटायची वेळ. खुर्ची नव्हती, म्हणून उभाच राहिलो.

"आपको पता था?"

"दूसरे हफ़्ते से."

"बताया नहीं?"

"तुम घर के आदमी हो यार. सोचा, समझकर ही करवा रहे होगे."

खर्च झालेल्या रकमेतून कंपनीचा हिस्सा निघत असे. ते गंमत करत होते की गल्ला भरत होते, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

काकू मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी काडी खाली ठेवली.

"म्हणजे अख्ख्या विहारानं मिळून मले बुडवलं?"

"हो."

"आन पुढारी तू."

"हो काकू."

"मग जा, घरोघरी सांगून ये. फोन नको करू बाप्पा. हातात फोन आला का दाबतीन पुन्हा."

दोन संध्याकाळी मी तेलीबाग पालथी घातली. बँकेतले काका हिरमुसले. "मी तर आजही दाबलं," म्हणाले, "ताईंसाठी." सरांना मी सांगितलं, जाहिरात दुपारनंतरच लावा, ओपीडीतून माणसं बाहेर पडतात तेव्हा. त्यांनी लगेच वेळ बदलली.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन वाजला तेव्हा मी तिथेच जेवत होतो. मीच उचलला. गोंड्याचा माणूस, आईला घेऊन आलेला. मी विचारलं, नंबर कुठे मिळाला? फोनवर, म्हणाला. कधी? आत्ता. मी पुन्हा विचारलं, "आपको किसी ने दबाने को तो नहीं बोला?"

काकूंनी फोन हिसकावला. "आ जाओ बेटा. अम्मा सीढ़ी चढ़ लेंगी ना?"

तासाभराने गेटशी ई-रिक्षा थांबली. म्हातारी मांडीवर एक्स-रेची पिशवी घट्ट धरून बसली होती. काकू तिला हात द्यायला पुढे झाल्या. मी आधी पिशवीवरचा हॉस्पिटलचा शिक्का आणि तारीख वाचली, मग सामान उचललं.